बनफ्शा : मान खाली घातलेले फूल

नगरला थंडी पडली की आपल्या घरांतून दोन वास हमखास येतात. एक, पेटीतून काढलेल्या रजयांना लागलेला डांबरगोळ्यांचा. दुसरा, गॅसवर उकळणाऱ्या जोशांद्याचा. घरात एकाला खोकला झाला की तो रांगेने सगळ्यांकडे जातो. मग अम्मी कोणाला तरी बाजारात पिटाळते आणि काष्ठौषधीवाला काही न विचारता डब्यांत हात घालू लागतो. जुना नुस्खा त्याला तोंडपाठ असतो. उन्नाब पाच दाणे, सपिस्तान नऊ दाणे, थोडी मुलेठी, थोडी खतमी, गावजबानची पाने आणि शेवटी चिमूटभर बनफ्शा. पुडी बांधली, दोरा गुंडाळला, झाले.

या पुडीतली बरीच मंडळी आपल्या ओळखीची आहेत. उन्नाब हा आपल्या बोराचा परदेशी भाऊ. सपिस्तान म्हणजे वाळवलेले भोकर. त्याच्या कच्च्या फळांचे लोणचे तुमच्यापैकी कितीतरी जणींनी घातले असेल. मुलेठी म्हणजे ज्येष्ठमध. अडते ते बनफ्शापाशी. आम्ही एकदा सातवीच्या वर्गात विचारले, "बनफ्शा कोण कोण प्यायले आहे?" निम्म्याहून जास्त हात वर आले, आणि आठवणीनेच तोंडे वाकडी झाली ती वेगळीच. मग विचारले, "बनफ्शाचे फूल कोणी पाहिले आहे?" एकही हात नाही. शिक्षकांच्या खोलीत विचारले असते तरी हेच झाले असते. पिढ्यान्‌पिढ्या आपण जे फूल उकळून पीत आलो, ते आपल्यापैकी जवळजवळ कोणीच उमललेले पाहिलेले नाही. पुडीत असतो तो तपकिरी चुरा. त्यात फूल किती, पान किती आणि काडी किती, हे अल्लाह जाणे आणि दुकानदार जाणे.

म्हणून या महिन्यात बनफ्शाबद्दल लिहायचे ठरवले.

इंग्रजीत ज्याला व्हायोलेट म्हणतात तेच हे फूल. रोपटे जमिनीलगत, वीतभरही उंच नाही. पाने बदामाच्या आकाराची. फुलाला पाच पाकळ्या, रंग गडद जांभळा, आणि मागच्या बाजूला शिंगासारखे एक छोटे टोक. देठ वर येतो आणि फुलाजवळ आल्यावर वाकतो, त्यामुळे उमललेले फूलसुद्धा जमिनीकडे पाहत असते. सगळ्या कहाण्या या वाकलेल्या मानेतून निघाल्या आहेत.

इराण, युरोप, काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड हा त्याचा मुलूख. थंडी ओसरायला लागली, अजून झाडांना पालवी नाही, तेवढ्यात बर्फाच्या कडेला हे फूल दिसते. म्हणून ते हिवाळ्याचे शेवटचे आणि बहारचे पहिले. फ्रान्समधल्या तुलूझ शहरात तर त्याची एक जात ऐन हिवाळ्यात, ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत फुलवतात आणि फुले साखरेत घोळवून मिठाई करतात. बादशाह जहांगीरने आपल्या रोजनिशीत काश्मीरविषयी लिहिताना म्हटले आहे की तिथे गुलाब, बनफ्शा आणि नर्गिस आपोआप उगवतात. आपल्या बाजारात येणारा बनफ्शाही बराचसा हिमालयाच्या उतारांवरचाच. तो शेतात क्वचित लावला जातो. बायका आणि मुले डोंगरात फिरून एकेक फूल खुडतात. एका फुलाचे वजन ते किती, आणि वाळल्यावर उरणार किती! फुलाऐवजी सगळे रोपच उपटले की पुढच्या वर्षी त्या जागी काहीच नसते, आणि असे बऱ्याच ठिकाणी झाले आहे. शिवाय पुडीत एकच जात नसते, याच कुळातल्या दोन-तीन भावंडांची सरमिसळ असते. पुढच्या वेळी चिमूटभर बनफ्शाची किंमत ऐकून दुकानदाराशी हुज्जत घालण्याआधी हे आठवावे.

आपल्याकडे हे फूल नाही, पण त्याच्या घराण्यातले एक आहे. पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या माळरानांवर गवताच्या आत रतनपुरुष नावाची छोटी वनस्पती उगवते. तिच्या गुलाबी-जांभळ्या फुलाची खालची एकच पाकळी मोठी, बाकीच्या इवल्याशा. शेळ्या चारणाऱ्या मुलांना ती ठाऊक असते, शहरातल्या मुलांना नसते. वनस्पतिशास्त्र तिला बनफ्शाच्या कुळात बसवते.

आता एक गंमत. आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे इंद्रधनुष्य आम्हाला वर्षातून दोनदा भेटते. मराठीच्या तासाला मुले 'तानापिहिनिपाजा' म्हणतात. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. पारवा आला पक्ष्यावरून, जांभळा आला जांभळावरून. उर्दूच्या तासाला मात्र धनकचा शेवटचा रंग बनफ्शी. विज्ञानाच्या उर्दू पुस्तकात अतिनील किरणांना 'बालाए-बनफ्शी शुआएं' म्हणतात, म्हणजे बनफ्शाच्या पलीकडचे किरण. एकच रंग, मराठीने त्याचे नाव जूनमध्ये झाडाखाली सडा पडणाऱ्या, जीभ रंगवणाऱ्या फळावरून ठेवले, आणि उर्दूने अशा फुलावरून, जे दख्खनच्या मातीत रुजतच नाही. एका मुलाने विचारले, "मग आपण न पाहिलेल्या फुलाचे नाव का घेतो?" प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर आपल्या गावाच्या इतिहासात आहे.

अहमद निजामशाहने हे शहर वसवले आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षे इथल्या दरबारात फारसी चालली. फराह बाग आज भग्न आहे, पण तिच्या हौदाच्या मधोमध उभे राहिले की कळते, इराणी बागेची कल्पना इथे किती मनापासून उतरवली होती. त्या काळात इराणातून माणसे येत ती शब्द घेऊन येत. खुरासानमधल्या तुर्शीज गावचा शायर जुहूरी दख्खनमध्ये आला आणि त्याने आपला साकीनामा दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहला अर्पण केला. पुढे तो विजापूरला गेला. इतिहासकार फरिश्ताचे लहानपणही याच नगरात गेले. या लोकांनी आपल्या अंगणात बनफ्शा पाहिलेला होता. इथे आल्यावर त्यांना तो दिसला नसणार, पण गझलेत तो येतच राहिला. फूल मागे राहिले आणि नाव पुढे आले. हकीमांच्या पेटीतून वाळलेला बनफ्शा येत होताच. असे आपण बनफ्शाचे वारसदार झालो, रोपाशिवाय.

फारसी शायरीत या फुलाची दोन-तीन रूपे आहेत आणि ती ठरलेली आहेत. एक, माशूकच्या बटा; काळसर, वळलेल्या, सुगंधी. दुसरे रूप आम्हाला जास्त आवडते. बनफ्शा म्हणजे गुडघ्यावर डोके टेकून बसलेला दुःखी माणूस. निळसर-जांभळे कपडे हे त्या मुलखात मातमचे कपडे. त्यामुळे तसले कपडे घालून मान खाली घातलेले फूल म्हणजे शोक करणारे फूल. आणि मागचे ते शिंगासारखे टोक? त्यावर शायरांनी कल्पना लढवली की बनफ्शाने माशूकच्या बटांशी बरोबरी करण्याचा तोरा मिरवला, म्हणून शिक्षा म्हणून त्याची जीभ मानेतून मागे ओढून काढली. शायर लोक फुलांनाही सोडत नाहीत.

युरोपातही या फुलाभोवती दुःख आणि वाट पाहणे आहेच. यूनानी पुराणातली एक मुलगी, पर्सेफनी, मैत्रिणींबरोबर कुरणात फुले वेचत असते. त्या फुलांत बनफ्शाही आहे. जमीन दुभंगते आणि पाताळाचा राजा तिला पळवून नेतो. तिच्या आईच्या दुःखाने धरतीवर काही पिकेनासे होते, आणि मुलगी वर्षातला जितका काळ पाताळात घालवते तो हिवाळा, असे ते लोक मानत. शेक्सपियरच्या नाटकात वेडी झालेली ऑफेलिया म्हणते की तिचे वडील गेले तेव्हा हे फूल सुकून गेले. नेपोलियनला १८१४ मध्ये एल्बा बेटावर धाडले तेव्हा त्याच्या चाहत्यांनी बनफ्शाला आपली गुप्त खूण केले. हे फूल उमलेल तेव्हा तो येईल, असा त्याचा अर्थ. १८१५ च्या मार्चमध्ये, फुलांच्या हंगामातच, तो खरोखर पॅरिसला परतला.

पण एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी फुलांना एकेक अर्थ चिकटवायची टूम काढली आणि बनफ्शाच्या वाट्याला आली ती विनयशीलता. पानाआड लपणारे, मान खाली घालणारे, फक्त सुगंधाने ओळखू येणारे फूल. लाजऱ्या-बुजऱ्या माणसाला इंग्रजीत आजही या फुलाची उपमा देतात. मुलींच्या वह्यांत, भरतकामात, उपदेशाच्या पुस्तकांत हे फूल आले ते या एकाच अर्थाने. दुःख गळून पडले, फक्त लाज उरली.

आपल्याकडेही हा अर्थ कुठून तरी आलेला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आठवीत एक मुलगी होती. अक्षर सुंदर, अभ्यास नेटका, पण मान कधी वर नाही. प्रश्न विचारला तर उत्तर वहीला सांगायची. पालकसभेला तिची दादी आली होती. तिने अभिमानाने सांगितले, "हमारी बच्ची बनफ्शा है, गर्दन ऊपर नै करती." बाकीच्या बायकांनी माशाअल्लाह म्हटले. शाळेतही तिचे कौतुकच व्हायचे. इतर मुलींना तिचे उदाहरण दिले जायचे.

त्याच वर्षी शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे होते. सगळ्या वर्गाचे आले, तिचा येईना. आला तो अर्धा. वडिलांच्या नावाची ओळ कोरी. परत दिला, परत कोरा आला. उन्हाळ्यात तिचे अब्बा वारले होते. त्या ओळीत नावाआधी 'मरहूम' लिहावे लागणार होते.

पुढे एकदा उर्दूच्या तासाला तश्बीह शिकवत होतो, म्हणजे उपमा. फुलांच्या उपमा फळ्यावर लिहिल्या: नर्गिस म्हणजे डोळा, लाला म्हणजे काळजावरचा डाग, बनफ्शा म्हणजे मातम करणारा, गुडघ्यावर डोके ठेवून बसलेला. वर्गात नेहमीची चुळबुळ चालू होती. तेवढ्यात ती मुलगी, हात वर न करता, बसल्या जागेवरून म्हणाली, "म्हणजे तो लाजत नाही. तो रडतोय." वर्षभरात तिने आपणहून उच्चारलेले ते पहिले वाक्य. आम्ही "हो" म्हणालो आणि पुढे काही बोललो नाही. सुटी झाल्यावर ती थांबली. तिच्या आईला आम्ही दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले, आणि त्यानंतर जे बोलणे झाले ते इथे लिहिण्यासारखे नाही. फॉर्म पूर्ण व्हायला त्यानंतरही दहा दिवस लागले.

वाचक भगिनींनो, मुलीची मान खाली दिसली की आपल्याला बरे वाटते. ही मान कशाने खाली गेली, हे विचारायचे राहून जाते. कधी दुःख असते. कधी भीती असते, आणि ती घरातल्याच कोणाची तरी असते. कधी साधे कारण असते, की फळा दिसत नाही आणि चष्म्याचा विषय काढायची हिंमत नाही. या सगळ्याला हया हे एकच नाव देऊन टाकले की चौकशी संपते. हया फार मोठी गोष्ट आहे, तिला ईमानची शाखा म्हटले आहे. पण ती मुलींपुरती नाही. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना त्याच्या पुढच्या आयतीत. मुलाला मात्र आपण बनफ्शाची उपमा देत नाही. आणि नगरकरांना तर हे सांगायलाच नको. १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंगाने तट उडवला तेव्हा खिंडारात जी बाई नंगी तलवार घेऊन उभी राहिली, तिच्या चेहऱ्यावर नकाब होता असे फरिश्ता लिहितो. चाँदबीबीची हया गेली नव्हती आणि मानही वाकली नव्हती.

फुलाचीही बाजू ऐकायला हवी. देठ वाकलेला असतो त्याचे कारण लाज नाही आणि दुःखही नाही. हंगाम पावसाचा, दवाचा, विरघळत्या बर्फाचा; फूल खाली झुकलेले असले की आतले पराग भिजत नाहीत. मागच्या टोकात मध असतो. खालच्या पाकळीवर गडद रेघा असतात, त्या मधमाशीला वाट दाखवतात. म्हणजे गरिबाने आपले दुकान व्यवस्थित थाटलेले आहे. उन्हाळ्यात हेच रोप आणखी एक प्रकारची फुले धरते. ती पानांखाली राहतात, कधीच उमलत नाहीत आणि बंद कळीतच बी तयार करतात. त्या बीला एक छोटासा तेलकट गोळा असतो. त्याच्या लोभाने मुंग्या बी ओढून नेतात, गोळा खातात आणि बी टाकून देतात. ते तिथे रुजते.

सुगंधाचीही एक जुनी समजूत आहे, की बनफ्शा आपला वास एकदाच देतो, दुसऱ्यांदा हुंगले तर नसतो. हे बरेचसे खरे निघाले. त्याच्या सुगंधात आयोनोन नावाचा घटक असतो, आणि जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८९३ मध्ये तो प्रयोगशाळेत तयार केला. हा घटक नाकाला थोडा वेळ बधिर करतो. वास जात नाही, आपले नाक थकते. थोड्या वेळाने पुन्हा येतो. आजची बनफ्शाची अत्तरे बहुतेक याच शोधावर चालतात. बाटलीत फूल शोधू नये.

नगरच्या किल्ल्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मौलाना अबुल कलाम आझाद ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत पकडले गेले आणि या किल्ल्यात आणले गेले. पंडित नेहरू, सरदार पटेल आणि इतर सहकारी बरोबर होते. जवळजवळ तीन वर्षे. तिथे मौलानांनी आपले स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहिली, जी पाठवता येणार नव्हती. १९४६ मध्ये ती 'गुबार-ए-खातिर' नावाने छापली गेली. उर्दू गद्याचे हे शिखर आपल्या गावात, कापडबाजारापासून थोड्या अंतरावर लिहिले गेले, हे आमच्या मुलांना दरवर्षी नव्याने सांगावे लागते. कैद्यांनी अंगणात फुलांचे वाफे केले होते, नेहरूंना बागकामाची हौस होती, आणि त्या फुलांवरही मौलानांनी मन लावून लिहिले आहे.

१९४३ च्या एप्रिलमध्ये मौलानांच्या बेगम जुलेखा कलकत्त्यात वारल्या. आजाराच्या बातम्या आधीपासून येत होत्या. सरकारकडे काही मागायचे असेल तर कळवतो, असे जेलच्या अधिकाऱ्याने सुचवले. मौलानांनी नकार दिला. दिनक्रम एक दिवसही बदलला नाही. ठरल्या वेळी जेवायला येत, ठरल्या वेळी बसत. पण पत्रात त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले की बाहेरची ही शांतता टिकवायला आत काय काय करावे लागत होते. त्या आवारात एक जुनी कबर होती. येता-जाता ती शेकडो वेळा दिसलेली. त्या बातमीनंतर मात्र तिच्याकडे पाहताना काहीतरी वेगळे वाटू लागले, असे ते सांगतात. एवढा मोठा आलिम, एवढी ताठ मान, आणि आत हे. दहावीच्या मुलांना हे पत्र समजावताना आम्हाला नेहमी त्या आठवीतल्या मुलीची आठवण येते. वाकलेली मान पाहून आत काय आहे ते कळत नाही, तसे ताठ मान पाहूनही कळत नाही.

आता थोडे रोजच्या व्यवहाराचे. हिवाळा आला की मोबाईलवर एक मजकूर फिरतो, बनफ्शाच्या तेलाला इतर सर्व तेलांवर श्रेष्ठत्व असल्याचा, आणि तो थेट आपल्या प्रिय पैगंबरांच्या (स.) नावावर खपवलेला असतो. आमच्याकडेही तो आला, एकदा नव्हे, चार वेळा. इब्न अल-जौझी यांनी आठशे वर्षांपूर्वी बनावट हदीसांचा जो संग्रह केला, त्यात बनफ्शाच्या तेलाची ही रिवायत आहे. इब्न अल-कय्यिम यांनीही तिला बनावटच ठरवले आहे. बदाम किंवा तीळ या फुलांच्या थरांत ठेवून काढलेले रोगन-ए-बनफ्शा हकीम लोक शतकानुशतके वापरत आले आहेत. डोक्याला लावायचे तर जरूर लावा, झोप छान लागते असे आमच्या नानीही म्हणत. त्यासाठी पैगंबरांच्या तोंडी न बोललेले शब्द घालण्याची गरज नाही. असा मजकूर आला तर पुढे न पाठवणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.

जोशांद्याचेही तसेच. घसा खवखवतोय, साधी सर्दी आहे, तर गरम जोशांदा बरा वाटतो. पण तो सगळ्याचा इलाज नाही. लहान मुलाचा श्वास भराभर चालत असेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर भांडे गॅसवर ठेवत बसू नका, डॉक्टर गाठा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेले काहीही नको. आणि मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवडे हटला नाही तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयरोगाची ही तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत आहेत. दोन-दोन महिने जोशांद्यावर काढलेली माणसे आम्ही पाहिली आहेत, म्हणून लिहिले.

मुलांना मात्र पुडीतला बनफ्शा एकदा दाखवाच. वर्गात आम्ही करतो तो प्रयोग घरी सहज होतो. चुऱ्यातून एक बऱ्यापैकी अखंड फूल निवडायचे. पांढऱ्या बशीत कोमट पाणी घ्यायचे आणि ते फूल अलगद सोडायचे. घाई करायची नाही. थोड्या वेळाने सुरकुत्या सुटायला लागतात, पाकळ्या एकमेकींपासून वेगळ्या होतात. काडीच्या टोकाने हळूच पसरल्या की पाच मोजता येतात, आणि मागचे ते टोकही सापडते, शायरांनी ओढून काढलेली जीभ. फूल नवे असेल आणि त्याचा रंग शिल्लक असेल तर पाण्याला किंचित निळसर झाक येते. त्यात लिंबाचा थेंब टाकला की ती गुलाबी होते आणि खाण्याच्या सोड्याने हिरवट. १६६४ मध्ये रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने बनफ्शाच्या सरबतावर हाच प्रयोग करून आम्ल आणि अल्कली ओळखायची रीत लिहून ठेवली. आपल्या पाठ्यपुस्तकात त्यासाठी हळद आणि जास्वंद असते. फूल जुने असेल तर रंग येणार नाही, पण आकार येतो. आमच्या वर्गात तीन फुलांपैकी एकच धड उघडले, बाकीच्या दोहोंचा लगदा झाला. ते एक फूल पाहायला मात्र मधल्या सुटीत बाकावर इतकी डोकी वाकली होती की बशी कोणाला दिसत होती आणि कोणाला नाही, हे सांगणे कठीण होते.